पहिल्या रात्री कुणाला बघायचं?

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमहून बोलतोय.

फेब्रुवारीत आमच्याजवळच्या मोटारींच्या एका मातीच्या रेसट्रॅकवर मालकांनी बैठक बोलावली होती. पत्र्याची शेड, वीस-पंचवीस खुर्च्या, कोपऱ्यात हीटर. तिकीटखिडकी सांभाळणाऱ्या आजी, झेंडा दाखवणारा गडी, दोन-चार ड्रायव्हर, ॲम्ब्युलन्सवाले आणि मी. विषय एकच होता. स्टॅण्डमधली डोकी पांढरी होत चाललीत, नवी माणसं आणायची कुठून? कुणी म्हणालं तिकीट उतरवा, कुणी म्हणालं फेसबुकवर जाहिरात द्या. मग मालकांनी माझ्याकडे वळून सरळ विचारलं, "तुमची इतकी माणसं इथे आली, घरं घेतली, मुलं इथल्या शाळांत जातात. शनिवारी ती इकडे का फिरकत नाहीत?"

तिथे मी जे उत्तर दिलं तेच आज तुम्हाला सांगणार आहे. त्यातलं अर्धं मालकांसाठी होतं, अर्धं आपल्यासाठी आहे.

असल्या ट्रॅकला इथे शॉर्ट ट्रॅक म्हणतात, म्हणजे एक मैलापेक्षा लहान, अंडाकृती रेसट्रॅक. कुठे डांबराचा, कुठे मातीचा. अमेरिकेत असे शेकडो आहेत, गावाच्या कडेला, मक्याच्या शेतालगत, जत्रेच्या मैदानात. टीव्हीवर दिसणारे मोठे ड्रायव्हर इथे नसतात. इथला ड्रायव्हर सोमवार ते शुक्रवार प्लंबिंग करतो, ट्रक चालवतो, गॅरेजमध्ये राबतो. संध्याकाळी घरामागच्या शेडमध्ये गाडी उघडून बसतो आणि शनिवारी ती ट्रेलरवर घालून ट्रॅकवर आणतो. गाडीवर नाव असतं ते गावातल्या टायरवाल्याचं, नाहीतर मेव्हण्याच्या छपरं घालायच्या धंद्याचं. बक्षीस बहुतेक वेळा टायरच्या खर्चालाही पुरत नाही. तरी तो पुढच्या शनिवारी येतो.

माझी पहिली रात्र वाईट गेली होती. याच मातीच्या ट्रॅकवर, २०१४च्या उन्हाळ्यात. मुलगी सहा वर्षांची. सातची वेळ लिहिली होती म्हणून आम्ही साडेसहाला हजर. सात वाजले, आठ वाजले, मैदानात फक्त पाण्याचा टँकर गोल गोल फिरतोय आणि त्याच्यामागून गाड्या सावकाश चक्कर मारतायत. का, ते कुणी सांगितलं नाही. भोंग्यातून घरघरीशिवाय काही कळत नव्हतं. मग एकदम वीस गाड्या सुटल्या, तो आवाज छातीत बसला, आणि पोरीने दोन्ही कानांवर हात दाबून रडायला सुरुवात केली. कान झाकायचं काहीतरी आणा, हेही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मुख्य शर्यत लागायला पावणेबारा झाले. तोवर पोर मांडीवर झोपली होती. त्या रात्री कोण जिंकलं ते आजही मला ठाऊक नाही. त्यानंतर दोन वर्षं आम्ही तिकडे पाऊल टाकलं नाही.

श्रोतेहो, त्या टँकरचा अर्थ मला पुढे कळला, आणि कळल्यावर फार हळहळ वाटली. मी मूळचा कोल्हापूर भागातला. तालमीतल्या हौद्याची माती कशी करतात हे लहानपणापासून पाहिलेलं: ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळायची, खोऱ्याने वरखाली करायची, पायाखाली नीट बसली पाहिजे. इथे तेच चाललं होतं. नॉर्थ कॅरोलायनाची ही लाल चिकणमाती पाणी पिऊन, टायरखाली दाबून बसवावी लागते. सुरुवातीला ती टायरला चिकटून धरते. रात्र चढते तशी सुकत जाते, मधे काळा गुळगुळीत पट्टा पडतो आणि त्यावर चाक धरत नाही. मग ड्रायव्हर वर, कठड्याच्या बाजूला सरकतात, जिथे उडालेल्या भुसभुशीत मातीचा बांध साचलेला असतो. वळण डावीकडे आणि पुढची चाकं उजवीकडे वळलेली, अशी गाडी आडवी घसरत जाते. एका रात्रीत जमीन तीनदा बदलते आणि प्रत्येक बदलाला ड्रायव्हरला आपली वाट नव्याने शोधावी लागते. एवढी पाच वाक्यं त्या रात्री भोंग्यातून नीट ऐकू आली असती, तर तो तासभर कंटाळ्याचा गेला नसता.

आमच्याकडे कुस्तीच्या मैदानाला निवेदक असतो. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात हजारो माणसं बसलेली असतात. त्यातल्या निम्म्यांना डाव-पेच कळत असतील, निम्म्यांना नसतील. पण जोड आत उतरली की निवेदक सांगतो: हा अमुक गावचा, अमुक वस्तादांचा पठ्ठा, गेल्या साली इथेच चितपट झाला होता, आज हिशेब चुकता करायला आलाय. हलगी कडाडते. तेवढ्यात बघणाऱ्याने ठरवलेलं असतं की आपण कुणाच्या बाजूचे. डाव समजायला वर्षं लागतात, बाजू घ्यायला अर्धं मिनिट पुरतं. माझे वडील मला खांद्यावर बसवून न्यायचे तेव्हा मी असाच रमलो.

रेसिंगमध्ये मला हे अर्धं मिनिट दिलं आमच्या प्लंबरने. २०१६ साली घरातला वॉटर हीटर फुटला, तो दुरुस्त करायला आलेला माणूस. त्याच्या हातावर भाजल्याचा डाग होता. विचारलं तर म्हणाला, शनिवारी एक्झॉस्टला हात लागला. मग फोन काढून त्याने गाडीचे फोटो दाखवले, लेकराचे दाखवावेत तसे. जाताना दोन पास ठेवून गेला आणि मुलीला म्हणाला, "निळी गाडी माझी. मी तळाला असलो तरी माझ्याकडेच बघ." त्या शनिवारी आम्ही बोमन ग्रेला गेलो.

बोमन ग्रे स्टेडियम आपल्या शहराच्याच मालकीचं आहे. विन्स्टन-सेलम स्टेट विद्यापीठाचं फुटबॉलचं मैदान आणि त्याभोवती पाव मैलाचा डांबरी ट्रॅक. म्हणजे शाळेच्या मैदानावरच्या चारशे मीटरच्या धावपट्टीएवढाच. मोटारींच्या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेचे संस्थापक बिल फ्रान्स यांनी ॲल्विन हॉकिन्स यांच्यासोबत १९४९मध्ये इथे तिच्या शर्यती सुरू केल्या. दर आठवड्याला भरणारा नॅसकारचा याहून जुना ट्रॅक दुसरा नाही. नॅसकारचे नामांकित ड्रायव्हर रिचर्ड पेटी यांनी आपला शंभरावा विजय १९६९मध्ये इथेच मिळवला.

ट्रॅक सपाट आहे. वळणांना उतार नाही आणि रुंदी बेताची. त्यामुळे पुढच्याला ओलांडायचं तर त्याला किंचित ढुशी देऊन बाजूला करावं लागतं. ढुशी दिली की राग येतो, राग पुढच्या शनिवारपर्यंत टिकतो, आणि तो बघायला हजारो लोक येतात. या जागेला लोक मॅडहाउस म्हणतात ते त्यामुळेच. टिम ब्राउन आणि बर्ट मायर्स हे इथले दोन जुने ड्रायव्हर; स्टॅण्डमध्ये निम्मे ब्राउनचे, निम्मे मायर्सचे. घरात नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला. २०२५च्या फेब्रुवारीत नॅसकारने आपली हंगामापूर्वीची क्लॅश शर्यत इथे भरवली तेव्हा पन्नाशी ओलांडलेले ब्राउन आणि त्यांचे प्रतिस्पर्धी मायर्स दोघेही देशातल्या बड्या ड्रायव्हरांच्या बरोबरीने उतरले होते. त्यांची नावं पुकारल्यावर जो आरडाओरडा झाला, तो शनिवारच्या माणसांचा होता.

तर त्या रात्री आमची निळी गाडी तेरावी आली. माझी पोर सगळ्या फेऱ्या उभी होती. पुढे कोण आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं, तेरावा बारावा होतोय का एवढंच ती बघत होती. शर्यत संपल्यावर प्लंबरने आम्हाला गाड्यांकडे नेलं. गाडीला उघडणारं दार नसतं, खिडकीतूनच आत जावं लागतं. त्याने स्टिअरिंग उपटून बाजूला ठेवलं, तिला उचलून आत बसवलं आणि स्टिअरिंग परत खटकन बसवलं. आत जळक्या रबराचा आणि तापलेल्या तेलाचा वास. टायरवर रबराचे मऊ गोळे चिकटले होते, हाताला गरम लागत होते. त्यातला एक तिने खरवडून काढला आणि मुठीत धरून घरी आणला. तो अजून तिच्या टेबलावर आहे. ती आता महाविद्यालयात जाईल.

म्हणून त्या बैठकीत मी म्हणालो, गाड्यांची जाहिरात करू नका, माणसाची ओळख करून द्या. पहिल्यांदा आलेल्याला दारातच विचारा, आणि त्याच्या हातात एका ड्रायव्हरचा नंबर ठेवा: आज रात्री हा तुमचा. त्या ड्रायव्हरलाही सांगा की सतराव्या रांगेत एक कुटुंब तुझ्यासाठी बसलंय. मधल्या वेळात स्टॅण्डचं फाटक उघडा, पोरांना गाड्यांपाशी जाऊ द्या. कित्येक ट्रॅकवर हे होतंच, पण नव्या माणसाला ते माहीत नसतं आणि तो आपल्या जागेवर बसून राहतो. आणि घड्याळ. याबद्दल मी जरा चढ्या आवाजात बोललो. एका रात्रीत आठ-आठ गटांच्या शर्यती लावायच्या, प्रत्येक धडकेनंतर पंधरा मिनिटं थांबायचं आणि मुख्य शर्यत मध्यरात्री, हा लहान मुलं असलेल्या घरावर अन्याय आहे. दहाला दिवे मालवा. दोन गट पुढच्या आठवड्यावर टाका. ड्रायव्हर नाराज होतील हे खरं, त्यांची एंट्री फीही बुडेल, आणि लहान ट्रॅकचं पोट बरंचसं त्याच पैशावर चालतं. मालकांची अडचण मला कळते. पण झोपलेलं पोर खांद्यावर टाकून गेलेला बाप परत येत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

ऑनलाइन प्रक्षेपणावरही वाद झाला. घरी दिसलं तर लोक येणार नाहीत, असं काहींचं म्हणणं. मला तसं वाटत नाही, आणि त्याला जवळचाच दाखला आहे. इथून पश्चिमेला तासाभराच्या वाटेवर नॉर्थ विल्क्सबरोचा ट्रॅक आहे. १९९६मध्ये तिथली मोठी शर्यत बंद पडली आणि मधला थोडा काळ सोडला तर ट्रॅक ओसच होता. डांबरातून झाडं वर आली. २०१९च्या डिसेंबरमध्ये नॅसकारचे लोकप्रिय माजी ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनिअर आणि स्वयंसेवकांनी तण उपटून ट्रॅक साफ केला, फक्त एवढ्यासाठी की आयरेसिंग या संगणकावरच्या रेसिंगसाठी त्याचं मोजमाप घेता यावं. मग जे पोरगे तो ट्रॅक बंद पडल्यानंतर जन्मले, ते घरबसल्या त्यावर गाडी चालवू लागले. २०२२च्या ऑगस्टमध्ये खऱ्या ट्रॅकवर पुन्हा गाड्या धावल्या, स्वतः अर्नहार्ट तिसरे आले, आणि २०२३मध्ये नॅसकारची ऑल-स्टार शर्यत तिथे झाली. पडद्यावर पाहिलेल्या जागेला पाय लावावासा वाटतोच माणसाला.

पण सगळेच ट्रॅक असे परत उभे राहत नाहीत. साउथ कॅरोलायनातला मर्टल बीचचा २०२०मध्ये बंद झाला. कॅलिफोर्नियातला अर्विन्डेल २०२४च्या डिसेंबरमध्ये गेला. जमिनीला भाव आला की आधी ट्रॅक विकला जातो. आमचा मातीचा ट्रॅक अजून आहे, कारण मालकांच्या वडिलांनी तो बांधला आणि मालक तो हट्टाने धरून आहेत. शेजारच्या शेतात मात्र घरांचे खुंट ठोकलेत.

आता आपल्यासाठीचं अर्धं. आपण गणपतीला एकत्र येतो, दिवाळीला येतो, क्रिकेटच्या सामन्याला रात्रभर जागतो. ज्या गावात राहतो त्या गावाची शनिवारची रात्र मात्र आपण बघितलेली नसते. माझे इथले खरे शेजारी मला त्या फळकुटाच्या बाकांवर भेटले. भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा त्यांनी माझ्यापुढे केल्या, मी घरची शंकरपाळी त्यांच्यापुढे केली. कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन, कुणाची नोकरी गेलेली, हे सगळं दोन शर्यतींच्या मधल्या वेळात कळतं.

मालकांनी माझं थोडं ऐकलंय. हंगामाच्या पहिल्या शनिवारी मुख्य शर्यत नऊला लागणार आहे. भोंगे दुरुस्त झालेत, मी स्वतः चौथ्या वळणावर उभं राहून ऐकून आलो. पाण्याचा टँकर फिरताना मातीबद्दल चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आहे, आणि पाच मिनिटं मी मराठीत बोलणार आहे.

सहा वाजता या. बसताना वरच्या रांगा धरा, खालच्या रांगांत मातीचे बारीक खडे तोंडावर येतात. जुने कपडे घाला. मुलांसाठी कान झाकायचे मफ माझ्या डिकीत आठ जोड आहेत, फाटकाशी मला गाठा. मुलांना कुठला नंबर द्यायचा ते मी ठरवून ठेवलंय. प्लंबरचा मुलगा यंदा पहिल्यांदाच मातीवर उतरतोय. वय सोळा, गाडी निळी.