आग किती, आग कुठे

(दृश्य: मोरीचा कोपरा. बादलीमागे थंड पेयाची जुनी बाटली. आत पिवळसर द्रव.)

गाडीवर फिनेल विकायला येणाऱ्याकडून घेतलेलं हे संडास साफ करायचं ऍसिड. बाटलीवरचं लेबल मात्र अजून थंड पेयाचंच आहे. दोन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, पण बाटली बरोबर ओळखता येते.

एक घोट जातो. मग किंकाळी, तोंडातून गळणारी लाळ, आणि घरात धावपळ. कुणी म्हणतं मिठाचं पाणी पाजा, ओकून टाकेल. तेच करायचं नसतं. भाजत खाली गेलेलं भाजतच वर येतं, आणि श्वासनलिकेत शिरलं तर फुप्फुसंही भाजतात. ऍसिडवर सोडा किंवा कॉस्टिक सोड्यावर लिंबू हा उपायही घातक, कारण त्या संयोगातून उष्णता निघते. मुलाला उचलायचं, बाटलीही बरोबर घ्यायची आणि दवाखाना गाठायचा.

(दृश्य: काचेच्या पेल्यात दूध. वरून लिंबू पिळलं जातं.)

ऍसिड शरीराशी काय करतं, ते या पेल्यात दिसतं. दूध फाटतं तशी पेशींतली प्रथिनं गोठतात आणि जळलेल्या भागावर खपली धरते. ही खपली थोडाफार बांध घालते, म्हणून पुष्कळदा अन्ननलिकेपेक्षा जठराचं, त्यातही त्याच्या खालच्या तोंडाचं, नुकसान जास्त होतं. कॉस्टिक सोड्याची चाल निराळी. साबण करताना चरबीवर कॉस्टिक घालतात ना, तेच अन्ननलिकेच्या भिंतीत घडतं. चरबीचा साबण होतो, भिंत विरघळत जाते आणि रसायन खोल झिरपतं. ड्रेनेज मोकळं करायच्या पावडरीत हाच कॉस्टिक असतो.

तोंडात एकही फोड नसताना आत अन्ननलिका भाजलेली असू शकते. उलट ओठ सोललेले आणि आत सगळं ठीक, असंही दिसतं. मग आतलं कळायचं कसं?

(दृश्य: रक्ताची छोटी नळी, प्रयोगशाळेतलं फिरणारं यंत्र.)

रक्त काढणं सोपं, म्हणून पहिली आशा तिथेच. जखम झाली की पांढऱ्या पेशी वाढतात आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन रक्तात सोडू लागतं. मोठ्या माणसांत पांढऱ्या पेशी २०,००० च्या वर गेल्या की डॉक्टर सावध होतात, कारण त्या आकड्याचा जीवाच्या धोक्याशी संबंध आढळलेला आहे. मुलांबाबतही हाच प्रश्न विचारला जातोय: रक्ताच्या चार थेंबांवरून कुणाची जखम खोल आहे ते सांगता येईल का? कुणाला भूल देऊन दुर्बीण घालण्यापासून वाचवता येईल का?

प्रश्न रास्त आहे. उत्तर अडतं ते घड्याळापाशी. सीआरपी वाढायला सुमारे सहा तास लागतात आणि कळस गाठायला साधारण ४८. मूल मात्र तासाभरातच कॅज्युअल्टीत पोचलेलं असतं. तेव्हाचा नॉर्मल रिपोर्ट म्हणजे यकृतापर्यंत अजून बातमीच गेलेली नाही, एवढंच. तो बघून सुटकेचा नि:श्वास टाकणाऱ्या बापाला हे समजावणं फार अवघड.

पांढऱ्या पेशींचं दुखणं वेगळं. मूल नुसतं रडून रडून दमलं तरी त्या वाढतात, स्टिरॉइड दिलं तरी वाढतात. हल्ली न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांचं गुणोत्तरही पाहतात. पण दोन वर्षांच्या मुलात लिम्फोसाइटच जास्त, म्हणून ते गुणोत्तर एकाच्या खाली असणं स्वाभाविक. मोठ्या माणसात दोन हा अगदी साधा आकडा, तोच या वयात चढा ठरतो. मोठ्यांची मोजपट्टी इथे लावायची सोय नाही.

या विषयावरचे बहुतेक अभ्यास लहान आहेत, एकेका रुग्णालयातल्या जुन्या फायली उघडून केलेले. खोल जखमांच्या गटात सरासरी आकडे चढे दिसतात खरे, पण सरासरी हा गटाचा गुण. समोरच्या खाटेवर एकच मूल असतं. आग लागलीय हे रक्त सांगतं. स्वयंपाकघरात की माजघरात, ते सांगत नाही.

(दृश्य: एंडोस्कोपीची खोली. पडद्यावर अन्ननलिकेचा आतला भाग.)

ते दुर्बीणच सांगते. तीही पहिल्या २४ ते ४८ तासांत घातली तर. पाचव्या दिवसापासून पुढे काही दिवस भिंत इतकी कच्ची असते की दुर्बिणीनेच भोक पडायची भीती. काय दिसलं ते लिहायची प्रतवारी आपल्याकडचीच आहे. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या झरगर आणि सहकाऱ्यांनी ती १९९१ साली मांडली आणि आज जगभर वापरात आहे. नुसती लाली आणि सूज म्हणजे पहिली प्रत. वरवरचे व्रण म्हणजे २अ. ही मुलं बहुतेक निभावतात. व्रण खोल किंवा नळीला गोल वेढणारे असतील तर २ब. तिसऱ्या प्रतीत भिंत मेलेली, काळीकरडी.

२अ आणि २ब यांच्यात एका अक्षराचा फरक, पण मुलाची पुढची कित्येक वर्षं त्यावर ठरतात. गोल जखम भरताना आवळत जाते, बटव्याची दोरी ओढावी तशी.

रक्ताचा रिपोर्ट इथेही निरुपयोगी नाही. रोजचा सीआरपी उतरत असेल तर बरं. उतरता उतरता पुन्हा उसळला, ताप आला, छाती दुखू लागली, तर अन्ननलिकेला भोक पडलं का, न्यूमोनिया झाला का, ते शोधावं लागतं. एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल पाहायची.

(दृश्य: तिसरा आठवडा. घर. ताटात वरणभात, कडेला पोळीचा तुकडा.)

मूल घरी आलंय, खेळतंय. सीआरपी नॉर्मल, पांढऱ्या पेशी नॉर्मल. एक दिवस पोळी अडकते. मग भातही अडकतो. पुढे नुसतं दूध आणि वरणाचं पाणी. आग विझल्यावर धरलेला हा वण रक्तात उमटत नाही.

(दृश्य: ओपीडी. मांडीवर मूल घेतलेली आई, हातात रिपोर्टांची जाड फाइल.)

दर दोन-तीन आठवड्यांनी फुग्याने अन्ननलिका रुंद करायची, ती पुन्हा आवळते, पुन्हा रुंद करायची. काहींची काही खेपांत सुटका होते, काहींवर शेवटी शस्त्रक्रियेची पाळी येते.

आई फाइल पुढे करते. डॉक्टर ती बाजूला ठेवतात आणि विचारतात, "ताई, काल काय खाल्लं यानं?"

"अर्धं केळं. कुस्करून."