गुरुवारचा रविवार

[दृश्य: सकाळचे सात. भोसरी, एमआयडीसी. रिकामा रस्ता, खाली ओढलेली शटरं.]

काल याच वेळी हा रस्ता ओलांडायला पाच मिनिटं थांबावं लागलं असतं. आज चहाची टपरीही बंद आहे. आज गुरुवार. पिंपरी-चिंचवडच्या कामगारांचा रविवार.

हा हिशेब विजेचा. सगळे कारखाने एकाच वारी बंद आणि उरलेले सहा दिवस सगळे चालू, हे विजेला परवडत नव्हतं. रोज कुठला तरी पट्टा बंद असला की भार वाटला जातो. म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वार वेगवेगळे मिळाले, आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. सरकारी कागदावर एवढंच. घराघरात त्याचं काय झालं, ते कुठल्या कागदावर यायचं कारण नाही.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. पवनेचा घाट, शेतं, पत्र्याच्या चाळी.]

त्याआधी ही गावं होती. पिंपरी-वाघेरे, आकुर्डी, भोसरी, आणि मोरया गोसावींच्या समाधीचं चिंचवड. फाळणीनंतर पिंपरीच्या कॅम्पात सिंधी कुटुंबं आली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, सरकारी मालकीची, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं. वर्षभरात तिथं पेनिसिलीन तयार होऊ लागलं. लोकांनी नाव छोटं केलं : एचए. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि मग शेतांमधून प्लॉटांचे नंबर उगवले. १९७० साली चार गावांची मिळून नगरपालिका झाली. पण लोक पत्ता सांगताना गावाचंच नाव सांगत, आणि अजूनही सांगतात.

सातारा, सांगली, सोलापूर, नगरकडची आयटीआय झालेली पोरं ट्रंक घेऊन येत. १९७२च्या दुष्काळानंतर तर अख्खी कुटुंबं आली. ज्यांच्या जमिनी कारखान्यांत गेल्या, त्यांनी उरलेल्या तुकड्यावर खोल्या काढल्या. दहा बाय दहा, वर पत्रा, नळ बाहेर सामाईक. काल औत हाकणारा माणूस आज घरमालक, आणि काल दुसऱ्याच्या शेतात राबणारा आज टर्नर. दोघंही नव्या कामात अवघडलेलेच. आमच्या मालकीणबाई भाडं मागायला येत, तेव्हा आधी पाच मिनिटं पावसाबद्दल बोलत.

पाळ्या तीन. फस्ट, सेकंड, नाईट. वडील नाईटला असले की दिवसा खिडकीला खाकी कागद लागे. शेजारच्या काकू त्या आठवड्यात कुकर लावत नसत. डाळ पातेल्यात, रॉकेलच्या स्टोव्हवर शिजवत, आणि मधूनमधून बाहेर येऊन आम्हा पोरांकडे बोट ओठांवर ठेवून बघत. पुढच्या आठवड्यात काका नाईटला जात आणि आमचा कुकर बंद होई. याबद्दल कुणी कुणाला काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

[दृश्य: मटणाचं दुकान, संध्याकाळ.]

आता गुरुवारकडे येऊ. पहिली पंचाईत मटणाची. सुट्टीचा दिवस म्हणजे रस्सा, हे ठरलेलं. पण गुरुवार दत्ताचा. चाळीतल्या निम्म्या घरांत उपास. मग मटण सरकलं बुधवारच्या रात्रीवर. फस्ट शिफ्ट सुटली की सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून दुकानासमोर रांग लागायची. सेकंडवाल्याच्या वाटणीचा रस्सा झाकून ठेवलेला असे. रात्री बाराच्या आत तो घरी पोचला तर बरं, नाहीतर गुरुवार लागायचा. आमच्या आजीचं मत असं की, ‘‘झोपून उठल्याशिवाय वार बदलत नाही.’’ आजी फार व्यवहारी होती.

दुसरी पंचाईत आमची. शाळेला सुट्टी रविवारी, वडिलांना गुरुवारी. एका घरात राहून आम्ही आठवडाभर एकमेकांना जेमतेम भेटायचो. गुरुवारी पोट दुखणारी मुलं आमच्या वर्गात बरीच होती. लग्नं रविवारची, म्हणून वडील कुणाशी तरी पाळी बदलून घेत आणि महिनाभर ती फेडत बसत.

मार्गशीर्षात मात्र बायकांची चंगळ. महालक्ष्मीच्या गुरुवारी नवरा नेमका घरी. आठवडाभर लेथवर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारी माणसं पिशवी घेऊन पाच झाडांच्या डहाळ्या शोधत हिंडायची. आणि चुकीच्या आणायची.

[दृश्य: झेंडूची माळ घातलेलं लेथ मशीन.]

खंडेनवमीला गेट आमच्यासाठी उघडायचं. मशीन पुसून लख्ख, चकवर झेंडू, बेडवर हळदकुंकू, नारळाचं पाणी तेलाच्या ट्रेमध्ये सांडलेलं. वडिलांचे हात रॉकेल आणि लाकडाच्या भुशानं कितीही घासले तरी नखांत काळी रेघ राहायची. त्या हातानं त्यांनी माझा हात हँडलवर ठेवला आणि किंचित फिरवला. कॅरेज बोटभर पुढं सरकलं. ‘‘बास,’’ म्हणाले, ‘‘आज तिला विश्रांती.’’

[दृश्य: एका घराचं दार. संध्याकाळ.]

त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बुधवारी संध्याकाळी ते दारामागची पिशवी काढतात. आई आतून म्हणते, ‘‘अहो, आता रविवारी आणलंत तरी चालेल की.’’

ते चपला घालतात.