वर्तुळ का जुळत नाही?

[दृश्य: लाल व्हिनाइलवर नुकतंच कापलेलं वर्तुळ. चिमट्यानं कड उचलली जाते, सोलली जाते आणि एका ठिकाणी अडते.]

व्हिनाइल कटरनं, म्हणजे स्क्रीनवरची आकृती ब्लेडनं चिकट प्लास्टिकच्या शीटवर कापणाऱ्या यंत्रानं, हे वर्तुळ कापलं. सगळं व्हिनाइल सुटलं, एवढा एक धागा सोडून. भिंगाखाली धरलं की दिसतं, ब्लेड जिथून निघालं आणि फिरून जिथे परत आलं, ती दोन टोकं एकमेकांना भेटलीच नाहीत. मध्ये जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक. स्क्रीनवरचं वर्तुळ मात्र अगदी बंद आहे.

अशा वेळी हात आपोआप फोर्स, म्हणजे ब्लेडचा दाब, वाढवण्याकडे जातो. बहुतेक वेळा नेमकं तेच चुकतं. फोर्स वाढला की ब्लेड व्हिनाइलखालच्या बॅकिंग पेपरमध्ये रुततं, मटेरियलला ओढायला लागतं आणि फट आणखी वाढते.

[दृश्य: ब्लेड होल्डर काढून त्या जागी पेन बसवला जातो.]

आधी एकच गोष्ट करायची. ब्लेड काढून पेन लावायचा, सेटिंगमधला ऑफसेट (ब्लेडचं टोक मध्यरेषेपासून किती सरकलेलं आहे तो आकडा) शून्य करायचा आणि तीच फाइल त्याच व्हिनाइलवर काढून बघायची. ऑफसेट शून्य करायला विसरलात, तर पेन प्रत्येक कोपऱ्यावर एक फालतू वळण घेईल आणि तुम्ही भलत्याच दोषामागे धावाल.

पेनानं वर्तुळ नीट जुळलं, तर मोटर, बेल्ट, रोलर आणि फाइल यांच्यावरचा संशय बराच कमी झाला. दोष ब्लेडच्या बाजूला शोधायचा. पेनानंही फट ठेवली, तर ब्लेड बदलून काहीही होणार नाही. पाच मिनिटांच्या या चाचणीनं निम्मं यंत्र तपासण्यातून वगळता येतं.

[दृश्य: ब्लेडचं टोक, खूप जवळून.]

आता ब्लेड. ते होल्डरमध्ये मोकळं फिरतं, ऑफिसच्या खुर्चीच्या चाकासारखं. खुर्ची ढकलली की चाक आपोआप वळून मागे येतं, कारण ते दांड्याच्या बरोबर खाली नसतं, जरा बाजूला असतं. ब्लेडचं टोकही असंच मध्यरेषेपासून थोडं सरकलेलं असतं. हे अंतर म्हणजे ऑफसेट. नेहमीच्या व्हिनाइलसाठीच्या 45 अंशाच्या ब्लेडमध्ये ते साधारण 0.25 मिलिमीटर असतं. जाड मटेरियलसाठीच्या काही ब्लेडमध्ये 0.5 पर्यंत जातं. ब्लेड बदललं आणि हा आकडा जुनाच राहिला, ही चूक फार नेहमीची.

आकडा चुकला आहे हे कोपरे सांगतात. ऑफसेट कमी दिला असेल, तर चौकोनाचे कोपरे गोलसर येतात. जास्त दिला असेल, तर कोपऱ्यांना बाहेरच्या बाजूला बारीक शिंगं फुटतात. 0.05 मिलिमीटरच्या पायरीनं बदलायचं, दर वेळी 20 मिलिमीटरचा चौकोन आणि त्यात 10 मिलिमीटरचं वर्तुळ कापायचं. एका वेळी एकच बदल. ऑफसेट आणि फोर्स दोन्ही एकदम हलवले, तर सुधारणा कशामुळे झाली ते कळणार नाही.

ऑफसेट बरोबर असूनही वर्तुळाच्या सुरुवातीला वाकडी शेपटी येत असेल, तर ब्लेड फिरायला कुरकुर करतंय. बेअरिंगमध्ये व्हिनाइलचा केस किंवा गोंद अडकलेला असतो. ब्लेड बाहेर काढा, होल्डर फुंकून साफ करा, शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी बारीक थेंब द्या. ब्लेडचा दांडा बोटाच्या हलक्या धक्क्यानं फिरला पाहिजे. टोकाला बोट लावायचं नाही, बोटासाठीही आणि टोकासाठीही.

होल्डर स्वतःच डुगडुगतोय का, हेही पाहा. त्याची कॉलर कॅरेजच्या, म्हणजे ब्लेड इकडून तिकडे नेणाऱ्या भागाच्या, खोबणीत पूर्ण खाली बसून स्क्रू घट्ट असायला हवा. हातानं हलवताना जाणवेल न जाणवेल इतकी ढिलाई असली, तरी ती कापात उतरते.

[दृश्य: हातात धरलेला होल्डर, तुकड्यावर एक रेघ ओढली जाते.]

ब्लेड किती बाहेर काढायचं? व्हिनाइलची पूर्ण जाडी आणि बॅकिंगच्या निम्म्याहून कमी. नेहमीचं व्हिनाइल एक दशांश मिलिमीटरच्या आतबाहेरच जाड असतं, म्हणजे बाहेर डोकावणारं टोक डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकंच. होल्डर हातात धरून, जोर लावून, टाकाऊ तुकड्यावर रेघ ओढा. व्हिनाइल आरपार कापलं जावं आणि बॅकिंगवर फक्त ओरखडा उमटावा. हे जमलं, तर फोर्स कितीही चुकला तरी ब्लेड बॅकिंग फाडून खाली जाणार नाही. मग फोर्स 60 ग्रॅमपासून दहा-दहानं वाढवत जायचा आणि व्हिनाइल स्वच्छ सुटेल तिथे थांबायचं. ताज्या ब्लेडला 80 ते 120 ग्रॅमच्या आसपास बरंचसं काम होतं. 150 च्या पुढे गेल्याशिवाय कापत नसेल, तर टोक बोथट झालं आहे किंवा तुटलं आहे. भिंगातून पाहा आणि बदला.

आणखी एक खूण. दोष नेहमी रुंदीच्या एकाच जागी येतो, बाकी सगळीकडे काप उत्तम. त्या जागी ब्लेडखालच्या पट्टीवर खाचा पडलेल्या असतात, आणि तिथे व्हिनाइलला आधारच मिळत नाही. पट्टी बदला. जुना गोंद पूर्ण काढा, नवी पट्टी न ताणता चिकटवा. ताणलेली पट्टी नंतर आकसते आणि कडेला उचलते.

[दृश्य: पिंच रोलर खाली येतात, शीट पुढे-मागे सरकते.]

पेनाच्या चाचणीतही चूक दिसली, तर नजर रोलरवर. रबरी पिंच रोलर खालच्या खरखरीत ग्रिट रोलरच्या बरोबर वर यायला हवेत. मधल्या रिकाम्या जागेवर आलेला रोलर काहीच पकडत नाही. शीटच्या काठापासून किमान 10 मिलिमीटर आत ठेवा. दोन्ही बाजूंचा दाब सारखा असावा, नाहीतर शीट चालता चालता तिरकी होते. ग्रिटमध्ये व्हिनाइलचा भुगा बसला असेल, तर कोरड्या नायलॉन ब्रशनं झाडा. तारेचा ब्रश नको.

रोल मात्र यंत्राला ओढायला लावू नका. जड रोल झटक्यानं फिरतो आणि शीट रोलरखालून सटकते. कामाच्या लांबीएवढं व्हिनाइल आधीच मोकळं करून ठेवा. मग तेवढी लांबी एकदा पुढे आणि मागे चालवून पाहा. काठ सरळ राहिला, तरच कापायला घ्या.

शीट बाजूला सरकते का, हे मोजायची सोपी पद्धत आहे. 300 मिलिमीटरचा चौकोन काढा आणि कर्ण मोजा. दोन्ही 424.3 मिलिमीटर यायला हवेत. एक मोठा, एक लहान आला, तर चौकोन तिरका झाला आहे, म्हणजे शीट चालताना सरकते आहे.

लांबीच कमी-जास्त येत असेल, तर 500 मिलिमीटरची रेघ काढून स्टीलच्या पट्टीनं मोजा. 498 आली, तर त्या अक्षाचं कॅलिब्रेशन, म्हणजे लांबी जुळवून घ्यायचा आकडा, 0.4 टक्के वाढवायचं. जाडी आणि दाबानुसार हा आकडा प्रत्येक मटेरियलला थोडा वेगळा येतो. पण रेघ 492 किंवा 508 मिलिमीटर आली, तर कॅलिब्रेशनला हात लावू नका. एका इंचात 1016 पायऱ्या आणि 1000 पायऱ्या, यांच्यातला हा 1.6 टक्क्यांचा फरक आहे. सॉफ्टवेअर आणि यंत्र वेगवेगळ्या मापानं मोजत आहेत. ड्रायव्हरमधलं रेझोल्यूशन बदला, प्रश्न तिथेच संपतो.

[दृश्य: बेल्ट आणि पुली, मार्करची पांढरी रेघ.]

वर्तुळाच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, म्हणजे कॅरेज किंवा रोलर जिथे दिशा बदलतात तिथे पायरी दिसते का? मग बेल्ट ढिला आहे किंवा पुलीचा स्क्रू सुटला आहे. पुली आणि तिचा दांडा दोन्हींवरून मार्करची एक रेघ मारा, काम चालवा, परत पाहा. रेघ तुटलेली दिसली, तर पुली सरकते आहे.

याउलट, एका ठिकाणापर्यंत सगळं बरोबर आणि त्यानंतरचं सगळंच बाजूला सरकलेलं असेल, तर स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी मोटर, पायरी चुकली. तिला आपण चुकलो हे कळत नाही, ती तशीच पुढे जाते. वेग निम्म्यावर आणून परत पाहा.

मध्येच एखादी वेडीवाकडी रेघ पूर्ण शीटवर धावली, तर तीच फाइल परत चालवा. त्याच जागी आली, तर दोष फाइलमध्ये. दर वेळी वेगळ्या जागी आली, तर संशय केबलवर, अर्थिंगवर, किंवा रोल उलगडताना साठणाऱ्या स्थिर विद्युतभारावर. यूएसबी केबल 5 मीटरपेक्षा लांब नको, आणि पॉवर केबलशी गुंडाळलेलीही नको.

[दृश्य: पुन्हा तेच वर्तुळ. या वेळी व्हिनाइल एका ओढीत सुटतं.]

राहिला ओव्हरकट. सुरुवातीच्या बिंदूच्या पुढे 0.5 मिलिमीटर जास्त कापलं, की उरलेली बारीक फट झाकली जाते. हे सेटिंग मात्र सगळ्यात शेवटी वापरायचं. आधी लावलं, तर ब्लेडचा, बेल्टचा दोष त्याच्यामागे लपून राहतो, आणि 5 मिलिमीटरच्या अक्षरांत तो परत डोकं वर काढतो.