बंडूकाकाचं कोपर

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या नानांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या काकांकडे, आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो. ते बारा संपायला आमच्या घरी दिवाळी ते गुढीपाडवा एवढा वेळ लागायचा. शटरचा वेग एकच आणि तोही बेताचा, त्यामुळे समोरचं माणूस जरा हललं की फोटोत त्याचं भूत व्हायचं. अशा कॅमेऱ्याने नानांनी डिसेंबर १९६८ मध्ये बारांतले चार फोटो पिंपळगाव बसवंतला आग्रा रोडवर उभं राहून, पळत्या मोटारींचे काढले. आजी म्हणाली, "मोटारींचे फोटो? घरातली माणसं काय मेली होती?"

त्या मोटारी साध्यासुध्या नव्हत्या. ती होती लंडन ते सिडनी मोटार शर्यत. २४ नोव्हेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून ९८ गाड्या निघाल्या होत्या आणि त्यांना जायचं होतं थेट सिडनीला. पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल करत त्या दिल्लीला आल्या आणि तिथून आग्रा रोडने मुंबईला. मुंबईपर्यंत ७२ पोचल्या. तिथे त्यांना 'चुसान' नावाच्या बोटीवर चढवलं आणि ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरवलं. १७ डिसेंबरला सिडनीत पहिला आला अँड्र्यू कोवान, गाडी हिलमन हंटर.

आपल्याकडे तेव्हा रस्त्यावर अँबॅसिडर, फियाट आणि एखादी हेरल्ड. त्यात पुढे लोखंडी दांड्यांचा पिंजरा, कपाळाला चार-चार दिवे आणि दारावर आकडा रंगवलेली गाडी धुरळा उडवत आली, की बैलगाडीवाला बैल सोडून बघत बसणारच.

चारपैकी तीन फोटोंत नुसती धूळ आली. चौथ्यात मात्र एक गाडी गर्दीमुळे थांबलेली आहे आणि भोवती पोरांचा गराडा. नाना छातीठोकपणे सांगायचे, "हीच ती जिंकलेली." पन्नास वर्षं घरात कोणी शंका घेतली नाही. माझ्या भाच्याने गेल्या वर्षी अल्बममधला तो फोटो मोबाईलवर घेतला, खाली 'विजेती हिलमन हंटर, नाशिक' असं ठोकून दिलं आणि पाठवला सगळीकडे. दोन दिवसांत तो मलाच तीन अनोळखी माणसांकडून आला. मजकूर मीच त्याला सांगितला होता, म्हणजे चूक माझीच.

नंतर माळा आवरताना बिस्किटाच्या डब्यात निगेटिव्ह सापडली. अल्बमच्या काळ्या पानावर बसावा म्हणून नानांनी फोटो कात्रीने दोन्ही बाजूंनी कापला होता. निगेटिव्हमध्ये तो अख्खा होता. तुमच्याकडे असं काही निघालं तर एक सोपी युक्ती सांगते. एका मोबाईलचा पडदा पांढराशुभ्र करा, त्याच्यापासून बोटभर उंचीवर निगेटिव्ह धरा, दुसऱ्या मोबाईलने फोटो घ्या आणि त्याचे रंग उलटे करा. निगेटिव्ह कडेला धरा, मध्ये बोट लावू नका. आणि अल्बमला चिकटलेला फोटो उपटू तर मुळीच नका. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पानासकट घ्या. सुटा असेल तर त्याची पाठही घ्या. पाठीवर कधी स्टुडिओचा शिक्का असतो, कधी नुसता वाण्याचा हिशोब. तोही असू द्या.

तर त्या अख्ख्या फोटोत गाडीची मागची बाजू दिसली. छताच्या अगदी कोपऱ्यात, काचेच्या वर, कर्ण्याच्या तोंडासारखं काहीतरी बाहेर आलेलं. हंटर ही सरळसोट, पेटीसारखी गाडी. तिला असलं काही नाही. छताजवळ असा इंडिकेटर असतो सिट्रोएन डीएसला. शेपटीकडे माशासारखी निमुळती होत जाणारी ती फ्रेंच गाडी एकदा पाहिली की विसरत नाही.

म्हणजे नानांची विजेती गाडी विजेती नव्हतीच! पण थांबा. त्या शर्यतीत अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत पुढे होती ती एक डीएसच, ल्युसिएँ बियांकी आणि ज्याँ-क्लोद ओजिए यांची. सिडनी हाकेच्या अंतरावर आली असताना नौरा गावाजवळ समोरून आलेल्या मिनीवर ती आदळली. बियांकी जबर जखमी झाला. मागून येणारा पॅडी हॉपकर्क शर्यत बाजूला ठेवून मदतीला थांबला आणि तरीही दुसरा आला. मला विचाराल तर कोवानच्या करंड्यापेक्षा ते थांबणं मोठं.

मग आमची गाडी बियांकीचीच का? शर्यतीत डीएस काही एकटी नव्हती. दारावरचा आकडा दिसला असता तर प्रश्न मिटला असता. दार अगदी समोर आहे, फोटो स्थिर आहे, ऊन छान आहे. आणि बरोबर त्या आकड्यावर एका दहा वर्षांच्या पोराचं कोपर आहे. कमरेवर हात, पांढरा सदरा, चेहरा थेट कॅमेऱ्याकडे. तो आमचा बंडूकाका, नानांचा धाकटा भाऊ.

आता मी तो फोटो न कापता पाठवते. खाली लिहिते: सिट्रोएन डीएस, डिसेंबर १९६८, पिंपळगाव बसवंत, चालक माहीत नाही, कोपर बंडूकाकाचं. बंडूकाका हल्ली धुळ्याला असतो. त्याला मोबाईलवर मोठा करून दाखवला. चष्मा वर करून त्याने बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "नानाने तेव्हा सांगायचं ना गं. हात खाली घेतला असता."