रेलेविन नावाची नशा

वर्गात पंधरा-सोळा वर्षांची मुलं बसली आहेत. प्रत्येकापुढे एक छापील प्रश्नावली आणि एक लिफाफा. नाव कुठेही लिहायचं नाही. भरून झालं की ज्याचा लिफाफा त्यानंच चिकटवायचा.

युरोपात 1995 पासून दर चार वर्षांनी ‘एस्पॅड’ नावाची ही पाहणी होते. नशेच्या पदार्थांच्या यादीत गांजा आहे, कोकेन आहे आणि मधेच एक अनोळखी नाव पेरलेलं असायचं: रेलेविन. असा पदार्थ जगात नाहीच. उगाच फुशारकी मारणारा सापडावा, म्हणून लावलेला हा गळ. त्याला फार थोडी मुलं लागतात. ‘पोरं काय, काहीही लिहितात’ असं म्हणणाऱ्या मोठ्यांनी हे जरूर ऐकावं.

प्रश्न तीन तऱ्हेने विचारतात. आयुष्यात कधी घेतली? गेल्या 12 महिन्यांत? गेल्या 30 दिवसांत? बातमीत बहुतेक वेळा पहिलाच आकडा झळकतो, कारण तो सगळ्यात मोठा. पण लग्नात कुणाच्या तरी ग्लासातला एक घोट घेतलेला मुलगा आणि दर शनिवारी झिंगणारा मुलगा, दोघंही त्या आकड्यात शेजारी-शेजारी बसलेले असतात. खरी सवय दिसते ती 30 दिवसांच्या रकान्यात.

सुरुवात बहुधा दारू-सिगारेटपासून. मग काही जण गांजाकडे वळतात. बहुतेकांची गाडी त्यापुढे जात नाही. वय वाढतं तसं प्रमाणही वाढतं. याला एक विचित्र अपवाद आहे: हुंगण्याच्या वस्तू. अमेरिकेत 1975 पासून चालू असलेल्या ‘मॉनिटरिंग द फ्यूचर’ पाहणीत हे प्रमाण बारावीपेक्षा आठवीत जास्त आढळत आलं आहे. सरळ आहे. दारूच्या दुकानात तेरा वर्षांच्या पोराला कुणी उभं करत नाही. थिनर आणि गोंद मात्र घरातच असतात.

आकडे खालीही येतात. आइसलँडमध्ये 1998 साली पंधरा-सोळा वर्षांच्या 42 टक्के मुलांनी सांगितलं होतं, की गेल्या महिन्यात आपण दारू पिऊन झिंगलो होतो. 2016 साली उरले 5 टक्के. तिथे आईबापच रात्री गटागटानं रस्त्यांवर फेरी मारू लागले, आणि मुलांच्या खेळांवर, क्लबांवर सरकारनं पैसा ओतला.

आणखी एक गंमत. ‘तुझे किती मित्र पितात?’ असं विचारलं, की मुलं खऱ्यापेक्षा मोठा आकडा सांगतात. ‘सगळेच पितात’ या समजुतीवर मग एखादा खरंच पहिला ग्लास उचलतो.

वर्गात आता लिफाफे गोळा होत आहेत. ही मोजणी फक्त हजर असलेल्यांची. दांड्या मारणारे, शाळा सुटलेले यात येत नाहीत, आणि नशेचं प्रमाण त्यांच्यातच जास्त असतं.

शेवटच्या बाकावर आज कुणी नाही. तिथली प्रश्नावली कोरीच उचलली जाते आणि गठ्ठ्याच्या तळाशी जाते.