१०९ क्रमांकाचा चौकोन

आवर्तसारणीत ४३ क्रमांकाची जागा कित्येक वर्षं रिकामी होती. ही सारणी मांडणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्हनं ती राखून ठेवली होती, पण मूलद्रव्य काही सापडत नव्हतं. अखेर १९३७ साली ते इटलीतल्या पालेर्मोच्या प्रयोगशाळेत हाती लागलं, अमेरिकेतल्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉन या कणवेगवर्धक यंत्रातून आलेल्या मॉलिब्डेनम धातूच्या पत्र्यात! माणसानं घडवलेलं म्हणून त्याला ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून टेक्नेशियम म्हटलं गेलं. आज त्याचं एक रूप जगभरच्या रुग्णालयांत हाडांच्या आणि हृदयाच्या तपासणीसाठी वापरतात. या रूपाचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटन पावायला लागणारा वेळ, फक्त ६ तास. तपासणी होते आणि किरणोत्सार लवकर ओसरतो.

युरेनियमला युरेनस ग्रहाचं नाव होतं, म्हणून पुढची दोन झाली नेपच्यूनियम आणि प्लुटोनियम. १९५५ साली बर्कलीत १०१व्या मूलद्रव्याचे जेमतेम १७ अणू मिळाले. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं एका रशियनाचं: मेंडेलेव्हियम. विज्ञानाच्या इतिहासातला हा मला फार मोठेपणाचा क्षण वाटतो.

मूलद्रव्याचा क्रमांक म्हणजे त्याच्या अणुकेंद्रातल्या प्रोटॉनांची संख्या. जसजसं पुढं जावं, तसतसे हे प्रोटॉन वाढतात. ते सगळे धनभारित, एकमेकांना दूर लोटणारे. म्हणून ही जड केंद्रं फार काळ टिकत नाहीत.

ऑगस्ट १९८२. जर्मनीतलं डार्मश्टाट. बिस्मथच्या पातळ थरावर आठवडाभर लोखंडाच्या केंद्रकांचा मारा चालला होता. बिस्मथचे ८३ प्रोटॉन, लोखंडाचे २६, मिळून १०९. इतक्या खटाटोपातून अणू जन्मला एकच, आणि काही मिलिसेकंदांत विघटनही पावला. त्या एका अणूवरून नवं मूलद्रव्य ओळखलं गेलं.

त्याला नाव दिलं भौतिकशास्त्रज्ञ लीझे माइटनर यांचं. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या माइटनर १९३८ साली नाझी जर्मनीतून निसटून स्वीडनला गेल्या. युरेनियमचं केंद्रक दुभंगतं, हे भाचा ऑटो फ्रिश याच्यासोबत त्यांनीच उलगडून सांगितलं. तरी १९४४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते त्यांचे सहकारी ऑटो हान यांना एकट्यांना. हा अन्यायच होता.

१०५व्या मूलद्रव्याला हान यांच्यावरून ‘हानियम’ म्हणायची रीत अमेरिकेत बरीच वर्षं होती. १९९७ साली रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं नावं कायम केली, तेव्हा १०५वं ठरलं डब्नियम, रशियातल्या डुबना गावावरून. आणि १०९वं, माइटनेरियम.