स्टीअरिंग जड झालंय? केबल लगेच विकत घेऊ नका

नमस्कार मंडळी. पाऊस ओसरला, नाशिकच्या गंगापूर धरणात पाणी आलं, ताडपत्रीखाली पडलेल्या बोटी आता बाहेर निघतायत, तर आज आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाबद्दल बोलूया.

पहिली तक्रार ठरलेली, स्टीअरिंग जाम. लगेच कोणीतरी सांगतं चाकापासून इंजिनापर्यंत जाणारी केबल गेली, नवीन टाका, आणि केबल काही स्वस्त येत नाही बरं का. जरा थांबा. केबलचं टोक एका लिंकने इंजिनाला जोडलेलं असतं, तो बोल्ट काढा. आता इंजिन हाताने डावी-उजवीकडे ढकलून बघा आणि मग चाक वेगळं फिरवून बघा. चाक हलकं पण इंजिन जड, म्हणजे केबल बिचारी चांगली आहे, इंजिन ज्या पिनवर वळतं तिथलं ग्रीस वाळलंय. तिथल्या निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या छोट्या तोंडाला, ग्रीस गन लावायची आणि इंजिन इकडून तिकडे हलवत पंप करत राहायचं, आधी काळपट घाण बाहेर येते, मागून स्वच्छ ग्रीस दिसायला लागलं की बास.

चाकच जड असेल तर केबलच्या टोकाची दांडी टिल्ट ट्यूबमध्ये, म्हणजे इंजिन ज्या आडव्या नळीवर वर उचललं जातं तिच्यात, गंजून अडकली असणार. साफ करा, ग्रीस लावा, पण तिथे निपलमधून ग्रीस भरताना दांडी पूर्ण आत ओढून घ्या, नाहीतर आत ग्रीस कोंडतं आणि चाक फिरेनासंच होतं. हे करूनही केबल कडकच राहिली तर मात्र खरंच बदला, वरून तेल ओतून काही होत नाही. आणि लिंक परत जोडताना लॉकनट नवीनच घाला, तिथे दहा-वीस रुपये वाचवू नका, भर पाण्यात तो नट निघाला तर चाक नुसतं हातात फिरत राहतं.

आता इंजिन. चालू केल्यावर मागून पाण्याची बारीक धार उडते ना, तिच्यावर लक्ष ठेवा. धार नाही तर ताबडतोब बंद. आत रबराचा इंपेलर असतो, तो पाणी खेचून इंजिन थंड ठेवतो, आणि काठावर “फक्त आवाज बघतो” म्हणून कोरडं चालवलं तर मिनिटभरात त्याची वाट लागते. उन्हाळ्यात धरण आटल्यावर गाळ ओढूनही तो झिजतो, आणि गोदावरीत खाली जलपर्णी पाणी घ्यायची जाळी बुजवते ते वेगळंच.

खालच्या गिअरचं ऑइल साधारण १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदला. काढलेलं ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. पंखा (प्रोपेलर) काढून बघा, मागे मासेमारीची तंगूस गुंडाळलेली सापडते, पाणी अडवणारं सील तीच कापते.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी धरतं, त्यामुळे गेल्या सीझनचं पेट्रोल वापरूच नका. आणि इंजिन जरा चालून आचके देत बंद पडत असेल, तर मेकॅनिकला फोन लावायच्या आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडलाय का तेवढं बघा.